पाचव्या मजल्यावरचे अंगण

पाचव्या मजल्यावर एक कोंबडी राहत होती. तिला जिना उतरता येत नसे.

भिंतीत मुठीएवढे एक भोक. कडा ओबडधोबड.

तीन पायांचे स्टूल. दोन पाय अक्रोडाचे, तिसरा झाडूच्या दांड्याचा.

"ही इमारत आहे, गोठा नाही!" असे एक साहेब ओरडले. नेमके तेव्हाच कोंबडीने अंडे घातले.

द्राक्षाचा वेल एका उन्हाळ्यात साधारण एक मजला चढतो.

लहान मुलीचा खोकला. फरशीखालून येणारा.

मित्रांनो, या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असे तुम्हाला वाटेल. संबंध आहे, पण मला ओळीने सांगता येत नाही. मी एक जुनी मिरचीभट्टी आहे. मी तापते तीही आधी मध्यावर, मग काठाशी. बोलतेही तशीच.

तरी प्रयत्न करते.

मी दिसायला बादलीएवढी. बाहेरून पत्रा, आत भाजलेल्या मातीची उभी नळी, नळीभोवती विजेची तार आणि डोक्यावर झाकण. आमच्या बल्गेरियात सप्टेंबर लागला की घरोघरी लाल मिरच्यांची पोती येतात. ही मिरची झोंबत नाही. ती पंजाएवढी, जाड गराची आणि गोड असते. एक मिरची माझ्या नळीत उभी सोडायची, झाकण ठेवायचे, दोन वाक्ये बोलून होईपर्यंत थांबायचे. झाकण काढले की साल काळी होऊन सुटलेली असते. मग सोलायची, काचेच्या बरण्यांत भरायची आणि हिवाळाभर खायची. इथले लोक मला चुश्कोपेक म्हणतात. दुकानात मिळणाऱ्या माझ्या बहिणींच्या नळ्या सरळ असतात. माझी किंचित वाकडी आहे, कारण मला दिमोने घरी बनवले, आणि दिमोला फारसे काही बनवता येत नसे. ते स्टूलही त्याचेच.

*

दिमो आणि त्याची बायको गेर्गिना ब्रेस्तोवो गावचे. गाव धरणात गेले. सरकारने सगळ्यांना शहरात घरे दिली. सिमेंटचे तयार तुकडे एकावर एक ठेवून उभ्या केलेल्या इमारती होत्या त्या, पत्त्यांच्या घरासारख्या, फक्त जड.

गाव सोडताना ज्याने त्याने जमेल ते गाड्यांवर चढवले. ब्रेस्तोवोत प्रत्येक घराच्या अंगणात एक वेगळे छप्पर असे. त्याखाली चूल असे. उन्हाळ्यापासून थंडीपर्यंत सगळे जगणे तिथेच चाले. घरात माणसे फक्त झोपायला जात. दिमोने ती चूल फोडली आणि पोत्यात भरली.

"अरे दिमो, लोक पलंग नेतायत, शिलाई मशीन नेतायत. तू माती नेतोयस?"

"माती नाही ती. चूल आहे."

"चूल होती. आता पोत्यात घातलीस."

"पोत्यातनं परत काढता येते."

"काढशील तू. तुझ्या हातनं एक खुंटी सरळ बसत नाही!"

पोते आले. त्याच्याबरोबर घराच्या खिडक्या आल्या, दाराचा लाकडी उंबरठा आला, आणि एक कोंबडीही आली. ती कुणी आणली हे दोघांनीही कधी कबूल केले नाही.

मित्रांनो, मी तेव्हा पोत्यात होते, म्हणजे अजून मी नव्हते. पण माती ऐकते. मी ऐकले की पहिले कित्येक महिने दिमो घरात बसलाच नाही. तो खोल्यांतून फिरे. मग खाली जाऊन डांबरावर उभा राही. मग वर येई.

"बस की जरा," गेर्गिना म्हणे. "कसला भोवऱ्यासारखा फिरतोयस?"

"बसायला जागा नाही."

"तीन खोल्या आहेत, दिमो!"

"खोल्या आहेत. बाहेर कुठं आहे?"

आणि खरेच, बाहेर कुठेच नव्हते. एक गॅलरी तेवढी होती. ज्याने इमारत आखली त्याने ती माणसाने दोन मिनिटे उभे राहावे, समोरची इमारत पाहावी आणि आत जावे एवढ्यासाठी ठेवली होती. बसले तर गुडघे कठड्याला लागत.

एके दिवशी दिमोने गॅलरीच्या कठड्यावर ब्रेस्तोवोच्या खिडक्या चढवल्या. त्या मापात बसेनात. त्याने फटींत चिंध्या कोंबल्या आणि वरून चुना फासला. स्वयंपाकघरातली शेगडी उचलून गॅलरीत आणली, धुराड्यासाठी भिंतीत भोक पाडले आणि आत-बाहेरच्या मध्ये गावचा उंबरठा ठोकला. इमारतीच्या पायाशी द्राक्षाची काडी रोवली. वेल पाचव्या मजल्यावर पोचायला पाच उन्हाळे लागले. खालच्या चारही मजल्यांनी वाटेत आपापला वाटा काढून घेतला. दिमोची काही तक्रार नव्हती. वेल ब्रेस्तोवोतही शेजाऱ्याकडे जाईच.

आणि शेवटी त्याने पोते उघडले, चुलीची माती कुटली, चाळली, मळली आणि माझी नळी वळली.

"ही कलंडलीय," गेर्गिना म्हणाली.

"भाजल्यावर सरळ होईल."

झाली नाही. म्हणून माझ्यात मिरची जराशी अडते. "सोड गं बाई, सोड तिला," असे म्हणत गेर्गिना मला एक चापट मारी आणि देठाला धरून मिरची ओढून काढी. इतकी वर्षे हीच चापट. तिला मी माया समजते.

*

आमच्या एकट्या घराने हे केले असे मात्र नव्हते. इमारतीत ब्रेस्तोवोचीच माणसे जास्त. दुसऱ्या मजल्यावर स्तोइमेन राहत असे. तो शाळेत कवायत शिकवायचा. त्याने गॅलरीत कोबी खारवण्याचे भले मोठे पिंप ठेवले. पिंपात रबरी नळी सोडून तो रोज फुंकर मारी, म्हणजे खारे पाणी तळापासून वर ढवळले जाई. त्याचे गाल फुगलेले दिसले की मुले खालून ओरडत, "सर, शिट्टी वाजवा!" कुणी न्हाणीघरात द्राक्षे तुडवी. कुणी पलंगाखाली भोपळे ठेवी. बाहेरून पाहणाऱ्याला आमची इमारत म्हणजे ठिगळांची गोधडी वाटे.

तेव्हाच नगरपालिकेचे ते साहेब आले आणि गोठ्याचे बोलून गेले. कोंबडी कापली गेली. बाकी सगळे राहिले.

मिरच्यांच्या दिवसांत सगळ्या घरांत एकदमच भट्ट्या लागत. दिवे मिणमिणत आणि फ्यूज उडे. दिमोने फ्यूजमधली बारीक तार काढून जाड तांब्याची तार बसवली. घरोघरच्या पुरुषांनी तेच केले होते.

"आता बघ, उडणार नाही," तो म्हणाला.

"फ्यूज उडणार नाही. आपण उडू," गेर्गिना म्हणाली आणि पुढची मिरची सोडली.

माझे ते चांगले दिवस होते. सकाळपासून गॅलरीची काच धुराने आणि वाफेने धूसर होई. दिमो स्टुलावर बसून मला मिरच्या भरवी. गेर्गिना सोली. तिची बोटे काळी आणि चिकट होत, आणि त्याच बोटांनी ती त्याच्या तोंडात एक तुकडा घाली, वर पांढऱ्या खारट चीजचा खडा. कोणी जिन्यावरून जाताना हाक मारी, "काय वास सुटलाय!" आणि तो आत येऊन बसे. माझी स्तुती होई. "हिच्यात भाजलेल्या मिरचीला गावची चव आहे," म्हणत. गेर्गिना म्हणे, "असणारच. गावच आहे ती."

त्यांना मूल नव्हते. संध्याकाळी दिमो गॅलरीच्या खिडकीची कडी लावी आणि म्हणे, "फाटक लावलं." हे तो तेव्हा गंमत म्हणून म्हणे.

*

नंतर गंमत राहिली नाही.

आधी त्याला माणसांची नावे आठवेनाशी झाली. मग बसचा थांबा. मग एकदा तो लिफ्टमध्ये उभा राहिला आणि कुठले बटण दाबायचे ते त्याला कळेना. स्तोइमेन त्याला हाताला धरून वर घेऊन आला. आतल्या खोल्यांत तो पाहुण्यासारखा वागे. "बसू का?" असे विचारी. रात्र झाली की "आता निघायला हवं" म्हणे.

उंबरठा ओलांडून गॅलरीत आला की मात्र तो नीट असे. तिथे त्याला सगळे ठाऊक होते. झाकण कुठे आहे, पक्कड कुठे आहे, कुठली मिरची आधी सोडायची. तो अंगणात असे. तो वेलाची पाने खुडी आणि गेर्गिनाला नावाने हाक मारी. आतल्या खोलीत तो तिला "बाई" म्हणे.

मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा. पुढे जे झाले ते यावरूनच झाले. गेर्गिनाकडे तिचा नवरा उरला होता तो फक्त त्या गॅलरीत.

*

आता खोकल्याची गोष्ट.

आमच्या बरोबर खाली स्विलेना राहायला आली. ती दवाखान्यात नर्स होती आणि तिची याना नावाची मुलगी होती. सिमेंटच्या त्या भिंतींना थंडीत घाम येई. यानाच्या पलंगामागे काळी बुरशी धरली. स्विलेना ती पुसायची, चुना लावायची. महिन्याने ती परत येई. पोरीचा दमा वाढत गेला. फरशीखालून मला तिचा श्वास ऐकू येई. माझ्या वाकड्या नळीत मिरची अडते तसा तो अडायचा.

मग सरकारची योजना आली. सगळ्या इमारतीला बाहेरून जाड ऊबदार थर लावून देणार, खिडक्या नव्या, भिंती कोरड्या. अट एकच होती. सगळ्या घरांनी हो म्हणायला हवे. आणि सगळ्यांच्या गॅलऱ्या एकसारख्या होणार. त्यांत चूल नाही, भोक नाही, वेल नाही.

सगळे हो म्हणाले. गेर्गिना नाही म्हणाली.

जिन्यापाशी बैठक झाली. मी तिथे नव्हते. पण गेर्गिनाने वर येऊन, मिरच्या भाजता भाजता, सगळ्यांचे आवाज काढून ती मला ऐकवली. खरे तर ती दिमोला सांगत होती. दिमो मान हलवत होता.

"गेर्गिना, तू एकटी राहिलीस," इमारतीचा कारभार बघणारा स्तोइमेन म्हणाला होता.

"मग बाकीच्यांचं करा की. माझं तेवढं सोडा."

"अगं, इमारत म्हणजे काय स्वेटर आहे, एक बाही सोडून विणायला?"

जिन्यावरून कुणीतरी ओरडले, "बाईला मिरच्या भाजायच्यात म्हणून आम्ही काकडायचं का?"

"तू गप. माझ्या मिरच्या खाऊन तुझं पोट सुटलंय. आणि स्तोइमेन, तुझ्या पिंपाचं काय रे?"

"माझं पिंप तळघरात नेतो."

"आणि दिमोला? त्यालाही तळघरात नेऊ?"

बैठक तिथेच मोडली. सगळे ब्रेस्तोवोचे होते. सगळ्यांना ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी स्विलेना वर आली. उंबरठ्याच्या आतच उभी राहिली.

"मावशी, मी भांडायला नाही आले."

"भांडलीस तर बरं होईल. बस."

"याना बसून झोपते. आडवी झाली की श्वास अडतो. मी दवाखान्यात लोकांच्या पोरांना बरं करते आणि घरी येऊन..." ती थांबली. "मला दिमोकाकांचं कळतं. खरंच कळतं. पण मी काय करू, तुम्ही सांगा."

गेर्गिनाने तिला एक सोललेली मिरची दिली. स्विलेनाने ती हातात धरून ठेवली, खाल्ली नाही.

ती गेल्यावर गेर्गिना बराच वेळ रिकाम्या नळीवर झाकण ठेवत आणि काढत राहिली. मी तापलेलीच होते. कुणी मिरची सोडत नव्हते.

*

मित्रांनो, आता एक रिवाज सांगते, कारण सगळे त्यावरच अडकले.

ब्रेस्तोवोत कुंपणांवरून भांडणे होत. पण ज्याच्या चुलीवरचा पाव आणि मीठ तुम्ही खाल्ले, त्याच्या कुंपणाला तुम्ही हात लावायचा नाही. मग तुमची बाजू कितीही खरी असो. त्यामुळे ज्याला भांडण चालू ठेवायचे असे तो जेवायला बसतच नसे. उभ्यानेच पाणी पिऊन जाई. एखादा बसला आणि त्याने पाव मोडला, की घरातली बाई सुस्कारा सोडी. कुंपण वाचले.

मापे घ्यायला इंजिनिअर आला. लुचेझार त्याचे नाव. तरुण होता, राजधानीत वाढलेला, दिवसभर जिने चढून दमलेला. गेर्गिनाने त्याला गॅलरीत स्टुलावर बसवले. भाजलेल्या मिरच्या, लसूण, व्हिनेगर, पाव, वाटीत मीठ. शेजारी दिमो बसला होता.

"खा, साहेब. गरम आहेत तोवर खा."

तो खाऊ लागला. असा जेवला की मला कौतुक वाटले. बशीतला रस त्याने पावाने पुसून घेतला.

"आजी, माझ्या आजीची आठवण झाली बघा."

"साहेब, एवढी गॅलरी राहू द्या. या माणसासाठी. बाकी काय हवं ते तोडा."

लुचेझारने दिमोकडे पाहिले. दिमो त्याला म्हणाला, "फाटक ओढून घे जाताना. कोंबडी बाहेर जाते."

"बघू, आजी," लुचेझार म्हणाला. त्याचा आवाज खरेच मऊ झाला होता. "बघतो मी. काहीतरी करू."

आणखी एक पाव मोडून, मिठात बुडवून त्याने खाल्ला. गेर्गिनाने सुस्कारा सोडला.

संध्याकाळी ती खाली गेली आणि म्हणाली, "मी तयार आहे. तो माझ्याकडे जेवलाय."

ब्रेस्तोवोच्या माणसांना यातले सगळे कळले. स्तोइमेनने तर डोक्यावरची टोपीच काढली. स्विलेना जिन्याच्या कठड्याला धरून रडली. कुणीही असे म्हणाले नाही की तो पोरगा ब्रेस्तोवोचा नाही. त्या रिवाजाबाहेर जगणारी माणसे असतात हे त्यांच्यापैकी कुणालाच त्या क्षणी सुचले नाही. किंवा सुचले असेल. घरे ऊबदार होणार होती.

*

वसंतात माणसे आली तेव्हा लुचेझार दुसऱ्या शहरातल्या कामावर गेलेला होता. त्याने काही लिहून ठेवले नव्हते, कुणाला सांगितले नव्हते. तो खोटे बोलला नव्हता. त्याने फक्त जेवण केले होते.

आलेली माणसे वाईट नव्हती. मुकादम म्हणाला, "आजी, मला जे काम दिलंय त्यात तुमची गॅलरी सोडा असं कुठं नाही."

"तो जेवला होता," गेर्गिना म्हणाली.

"कोण?"

"तो. तुमचा."

मुकादमाने खांदे उडवले. "आम्हीपण जेवतो, आजी. सगळेच जेवतात."

वेल खालून कापला, म्हणजे पाचही मजल्यांवरचा एकदम गेला. तो ओढताना पानांचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग खिडक्या काढल्या. चिंध्या निघाल्या. चुना खपलीने पडला. भोक बुजवले. उंबरठा पहारीने उचकटला.

दिमो आतल्या दारात उभा राहून हे सगळे बघत होता. तो शांत होता. मला वाटले, त्याला काही समजत नसावे. मग तो गेर्गिनाकडे वळला आणि अगदी साध्या, व्यवहारी आवाजात म्हणाला, कितीतरी महिन्यांत बोलला नव्हता इतक्या नीट आवाजात:

"पाणी कुठपर्यंत आलंय?"

गेर्गिनाने त्याचा हात धरला.

"आलं नाही अजून."

"मग एवढी घाई कशाला करतायत?"

*

काम झाले. इमारत पिवळी आणि गुळगुळीत झाली. सगळ्या गॅलऱ्या एकसारख्या दिसू लागल्या. घरात ऊब राहू लागली. बुरशी गेली. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, फरशीखालचा खोकला थांबला. याना आडवी झोपू लागली. यात वाईट काहीच नाही. मला हे कुणावर रागावून सांगता आले असते तर बरे झाले असते.

सप्टेंबरात गेर्गिनाने मला खोलीत लावून पाहिले. धूर जायला भोक नव्हते. भिंती इतक्या घट्ट झाल्या होत्या की धूर तिथेच लोंबकळत राहिला. दिमो खोकत पलंगावर बसला आणि "बाई, दार उघडा" म्हणू लागला.

म्हणून तिने मला खाली नेले. स्तोइमेनने तळघरातल्या खटक्यापासून लांब वायर ओढून दिली. इमारतीच्या दारासमोर, फरसबंदीवर, तिने स्टूल मांडले, दिमोला बसवले, मिरच्यांचे पोते उघडले. मी तापले. पहिली मिरची सोडली. वास सुटला. एक-दोन घरांच्या खिडक्या उघडल्या. गेर्गिनाने मला चापट मारली. "सोड गं बाई." मला क्षणभर वाटले की होईल. जमेल.

स्विलेना कामावरून येत होती. ती थांबली.

"मावशी..."

"ये. एक खा."

"मावशी, इथं नको ना. धूर वर जातो. यानाची खिडकी... आत्ता कुठं तिला बरं वाटतंय." तिने पिवळ्या भिंतीकडे पाहिले, मग खाली पाहिले. "आणि भिंत काळी होईल. लोक बोलतायत. मी नाही, लोक बोलतायत."

"पलीकडं जाऊ? त्या झाडापाशी?"

"तिथं आता गाड्या लागतात, मावशी."

गेर्गिनाने मान हलवली. तिला राग आला असता तर बरे झाले असते. ज्या पोरीच्या श्वासासाठी तिने सगळे दिले, त्या पोरीची आई आता त्याच श्वासासाठी तिला हटकत होती, आणि तिचे बरोबर होते.

तेवढ्यात दिमो उठला. त्याच्या हातात अर्धी सोललेली मिरची होती. त्याने चारी बाजूंना पाहिले, गाड्यांकडे, गुळगुळीत भिंतीकडे.

"गेर्गिने," तो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याने तिला नावाने हाक मारली. "हे कोणाचं अंगण आहे?"

तिने त्याच्या हातातली मिरची काढून घेतली.

"माणसं येतील. चल इथून. दुसऱ्याच्या अंगणात बसायचं नसतं."

स्विलेनाने वायर उपटली. गेर्गिनाने नाही, तिच्याने ते झाले नसते. मी थंड व्हायला वेळ घेते, मित्रांनो. माती जाड आहे. सगळे वर निघून गेल्यावरही मी तिथे बराच वेळ गरम होते.

*

त्या हिवाळ्यात दिमो फाटक लावायला जाऊ लागला. संध्याकाळ झाली की तो जिना उतरे आणि चालू लागे. कधी स्तोइमेन त्याला परत आणी, कधी पोलिस. एकदा तो धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बुटांशिवाय सापडला. त्यानंतर गेर्गिनाने त्याला दुसऱ्या गावी, अशा माणसांना सांभाळणाऱ्या घरात ठेवले. ती रविवारी बसने जाते. दुकानातून विकत आणलेली मिरचीची बरणी नेते. तो खातो. पुढे केले ते खातो. तिला तो "बाई" म्हणतो, आणि ती आल्याचे त्याला बरे वाटते की नाही हे तिला कळत नाही.

मी तळघरात आहे. शेजारी स्तोइमेनचे पिंप आहे. नळीने फुंकर मारायला आता त्याचे फुप्फुस पुरत नाही, म्हणून तेही रिकामे आहे. माझ्या झाकणावर रिकाम्या बरण्या ठेवल्या आहेत. माझ्या नळीला आतून एक चीर गेली आहे. ओल लागली की माती पुन्हा माती व्हायला लागते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागावे अशी रीत आहे. मी मागते. कुणाचे घर सुधारायला जाल तेव्हा त्या घरातला माणूस बसतो कुठे, एवढे आधी बघा. मला माहीत आहे, बघून काही उपयोग होईलच असे नाही. लुचेझारने बघितले होते. तो तर तिथेच बसला होता. स्विलेनाने बघितले होते. सगळ्यांनी बघितले होते. तरीही बघा. मला दुसरे काही मागता येत नाही.

ब्रेस्तोवो धरणात गेले त्या वर्षी गाव रिकामे करायचा हुकूम थंडी संपायच्या आधीच आला होता. तरी मे महिन्यात गेर्गिनाने तिथल्या परसात मिरचीची रोपे लावली.